सुमेधाची दोन शिखरं

१

सुमेधा खटावकर गेली त्याला अकरा दिवस झाले होते. तिची आई मालिनीबाई मृणालिनी साठ्ये यांच्या स्वयंपाकघरात बसून, समोरच्या चहाला हातही न लावता, एकच प्रश्न विचारत होत्या.

"पोलीस म्हणतात रस्त्यावर बर्फ होता, गाडी घसरली. ते मी ऐकून घेतलं. मला ते नाही विचारायचं. माझी मुलगी कामात खोटेपणा करणारी होती का, एवढंच मला सांगा."

शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा जानेवारी खिडकीबाहेर मरगळून पडला होता. बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठानं काळवंडलेला थर रस्त्याच्या कडेला साचला होता आणि चार दिवसांत ऊन म्हणून दिसलं नव्हतं. अशा दिवसांत घरात कोणी रडलं तरी बाहेर ऐकू जात नाही. मालिनीबाई मात्र रडत नव्हत्या. साताऱ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. उत्तर हवं तर सरळ उत्तर हवं, असा त्यांचा चेहरा होता.

मृणालिनीबाई बहात्तर वर्षांच्या. उभा जन्म पॉलिमरमध्ये गेला, म्हणजे साध्या भाषेत प्लास्टिक आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये. महाराष्ट्र मंडळात त्यांना 'प्लास्टिकवाल्या काकू' म्हणत. नॉनस्टिक तवा खरवडला तर वापरावा का, मायक्रोवेव्हमध्ये कुठला डबा चालतो, असले सगळे प्रश्न त्यांच्याकडे यायचे, कधी देवळात, कधी जेवणाच्या रांगेत. उत्तराला त्यांना फार वेळ लागत नसे, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

मालिनीबाईंनी फाइल पुढे सरकवली. वर नोकरीवरून काढल्याचं पत्र होतं. सुमेधानं चाचणी चुकीच्या पद्धतीनं केली. एका नामवंत बाहेरच्या तज्ज्ञानं चूक दाखवून दिल्यावरही ती हट्टाला पेटली. आणि जाताना तिनं मूळ नोंद कॉम्प्युटरवरून पुसून टाकली, असं त्यात लिहिलं होतं.

"नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. असल्या पत्रावर कोण नोकरी देणार होतं? बावन्नाव्या दिवशी गेली. आधी फोनवर म्हणायची, आई, मी बरोबर आहे. शेवटी शेवटी म्हणायला लागली, मीच चुकले असेन गं." मालिनीबाईंनी पत्र पालथं ठेवलं. "गावात बातमी आमच्या आधी पोचलीय. लबाडी केली, पकडली गेली, म्हणून जीव दिला, असं लोक बोलतात. तिचे बाबा दाराबाहेर पडत नाहीत. रविवारी माझं विमान आहे. त्यांना मी काय सांगू?"

मृणालिनीबाईंनी फाइल चाळली. त्याच नमुन्याच्या फेरतपासणीचा आलेख तिच्यात होता. सुमेधानं स्वतः काढलेला पहिला आलेख मात्र नव्हता. ज्या कागदावरून एवढं रामायण झालं, नेमका तोच कागद गायब होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालिनीबाई गुरुदत्त वाळिंबे यांच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. गुरुदत्त सुमेधाच्या लॅबचा डायरेक्टर. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आलेला, त्यामुळे अजूनही त्यांना 'मॅडम' म्हणणारा. माणूस गोडबोल्या, पण आज त्याचा गोडवा पातळ झालेला दिसत होता.

"मॅडम, व्हेरी सॅड. आम्ही सगळेच शॉकमध्ये आहोत," तो म्हणाला. "पण तिचं काम चुकलं होतं, त्याला मी काय करू?"

काम असं होतं. ऑपरेशननंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सर्जन एक जेल सोडतात. दोन आठवड्यांत ते आपोआप विरघळतं. त्याच्या प्रत्येक साखळीत दोन वेगवेगळ्या पॉलिमरचे तुकडे एकमेकांना जोडलेले असावे लागतात. जोडलेच गेले नाहीत आणि सुटे तुकडे नुसतेच मिसळून राहिले, तर जेल वेळेत विरघळत नाही आणि आत गाठी धरतात. डोळ्यांना, वजनकाट्याला दोन्ही सारखंच दिसतं. फरक दाखवते ती क्रोमॅटोग्राफी.

बारीक सच्छिद्र कणांनी भरलेली पोलादी नळी असते. तिच्यातून नमुना द्रावकाबरोबर ढकलायचा. आठवडी बाजारात लहान पोर दिसेल त्या दुकानात शिरतं आणि मागे रेंगाळतं, ढेरपोट्या माणूस कुठे मावतच नाही म्हणून सरळ बाहेर पडतो. तसे मोठे रेणू आधी येतात, छोटे मागाहून. आलेखावर प्रत्येक गटाचं एक शिखर उमटतं.

"आम्ही साइजवरच टेस्ट करतो, पहिल्यापासून," गुरुदत्त म्हणाला.

"पण सुटा तुकडा आणि जोडलेली साखळी एकाच आकाराची असली तर? दोन्ही एकाच शिखरात लपतील."

"म्हणूनच तर सुमेधानं दुसरी मेथड लावली. क्रिटिकल कंडिशन. तुम्हीच शिकवलेली आहे, मॅडम."

दोन द्रावकांचं मिश्रण असं काट्यावर तोलायचं, की सुट्या तुकड्यांच्या पॉलिमरला आकाराचा फरकच पडू नये. लांब असो की आखूड, त्याच्या सगळ्या साखळ्या एकाच क्षणी बाहेर येतात आणि जोडलेल्या साखळ्या मागाहून. मिश्रण अर्ध्या टक्क्यानं हललं की सगळा डाव मोडला.

"तिला दोन पीक्स मिळाले," तो सांगत होता. "पण पहिला खोटा होता. ब्रेकथ्रू. सॅम्पल तिनं भलत्याच स्ट्राँग सॉल्व्हंटमध्ये विरघळवलं असणार. मग थोडा माल त्या सॉल्व्हंटबरोबर न थांबता निघून येतो, वऱ्हाडाबरोबर एखादा फुकट्या आत शिरतो ना, तसा. नवशिक्यांची चूक. आम्ही नीलकडून री-रन केला. एकच पीक."

"पहिला आलेख बघू."

"तोच तर तिनं डिलीट केला. शुक्रवारी दुपारी लेटर हातात पडल्यावर. प्रिंटही घेऊन गेली."

"आणि तो तज्ज्ञ कोण?"

गुरुदत्त टेबलावरच्या पेनकडे बघत राहिला. "कॉन्फिडेन्शियल आहे, मॅडम. तुम्ही नका विचारू."

पार्किंगमध्ये गाडीचा हीटर चालू करून मृणालिनीबाईंनी फाइलमधला फेरतपासणीचा आलेख पुन्हा काढला. काल त्यांनी फक्त नमुन्याचं शिखर पाहिलं होतं. आता खालच्या तीन बारीक रेषांकडे लक्ष गेलं. माहीत असलेल्या तीन साखळ्या, लांब, मध्यम आणि आखूड, पद्धत ठीक चालते आहे ना हे बघायला बरोबर सोडलेल्या. क्रिटिकल कंडिशनमध्ये त्या तिघींनी एकाच क्षणी यायला हवं. इथे त्या ओळीनं आल्या होत्या. लांब आधी, आखूड शेवटी.

म्हणजे फेरतपासणी नावालाच क्रिटिकल होती. प्रत्यक्षात मिश्रण जास्त कडक होतं, स्ट्राँग द्रावक त्यात जास्त पडला होता, आणि यंत्रानं पुन्हा नुसता आकारच मोजला होता. दोन गोष्टी एका शिखरात लपवायला इतकं पुरे होतं.

३

फेरतपासणी करणारा नील कोठे मूळ नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा. त्यानं भेटायला सार्वजनिक वाचनालय निवडलं आणि आल्याआल्या आधी मागे कोणी आहे का ते पाहिलं.

"काकू, माझाही व्हिसा त्यांच्याच हातात आहे. मी इथे आलोच नव्हतो, असं समजा."

मृणालिनीबाईंनी काही न बोलता तीन रेषांवर बोट ठेवलं. नीलनं पाहिलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

"मी स्टँडर्ड्स चेकच नाही केले, यार. सरांनी सांगितलं, फक्त सॅम्पलचा पीक बघ."

"मिश्रण कोणी केलं?"

"सुमेधाची पद्धत होती, दोन्ही सॉल्व्हंट वजनानं घ्यायचे आणि बाटलीवर दोन्ही आकडे लिहायचे. मापानं घेतले की चुकतं म्हणायची. त्या दिवशी बाटली तयारच होती. वर फक्त तारीख आणि जी. डब्ल्यू., सरांची इनिशियल्स. मला नवल वाटलं होतं, काकू. मी चार वर्षं आहे तिथे, सरांना कधी लॅब कोट घातलेलं पाहिलं नाही. त्या दिवशी स्वतः मिश्रण करून ठेवलं होतं."

"चुकून कडक झालं असेल."

"असेल," नील म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच विश्वास बसलेला दिसत नव्हता.

"आणि सुमेधानं शुक्रवारी दुपारी फाइल पुसली?"

"कशी पुसणार? तिचं लॉगिन सकाळी नऊलाच बंद झालं होतं. ती माझ्या डेस्कवर येऊन म्हणाली, माझा पासवर्ड चालत नाहीये, बघ ना जरा. आम्ही दोघं आयटीला फोन करत होतो, तेवढ्यात तिला केबिनमध्ये बोलावलं." नीलनं डोळे पुसले. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ती माझ्यासाठी बोलली असती."

एक खोटं तर सापडलं. पण गुरुदत्त खोटं बोलला म्हणून त्यानं जाणूनबुजून मुलीला बुडवलं, असं सिद्ध होत नव्हतं. कोणीतरी तज्ज्ञानं त्याला ब्रेकथ्रू म्हणून सांगितलं असेल, त्यानं ते प्रामाणिकपणे मानलं असेल, आणि मग घाबरून पुढचे घोटाळे केले असतील.

"तो तज्ज्ञ कोण होता, नील?"

"नाव मला नाही माहीत. पण पहिल्या आलेखाचा फोटो नैनानं काढला होता. तिच्याकडे असेल अजून."

४

नैना लॅबची ग्राहकांशी बोलणारी मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र गाडी इंग्रजीवर जायची. स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती.

"मावशी, आय ॲम नॉट अ केमिस्ट. क्लायंट रोज विचारत होता, रिपोर्ट कधी. सुमेधा मला म्हणाली, बॅच खराब आहे, तू त्यांना सांग. मी तिच्या प्रिंटआउटचा फोटो काढला आणि गुरुदत्तला पाठवला. दॅट्स ऑल आय डिड. आय स्वेअर."

"कधी?"

नैनानं फोन चाळून समोर धरला. "नोव्हेंबरमध्ये. मंडळाच्या दिवाळी लंचच्या आदल्या दिवशी."

पडद्यावर पूर्ण कागद होता. वर थोडी रिकामी जागा, मग दोन शिखरं. पहिलं बुटकं, दुसरं उंच आणि थोडं उजवीकडे झुकलेलं. तळाशी तीन रेषा, तिन्ही एकावर एक, एकाच क्षणी. मिश्रण काट्यावर होतं. आणि त्याच्याही खाली सुमेधाच्या अक्षरात निळ्या पेननं एक ओळ: नमुना वाहत्या मिश्रणातच विरघळवला आहे, वेगळा द्रावक वापरलेला नाही.

मृणालिनीबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. वेगळा कडक द्रावक असला तरच ब्रेकथ्रू होतो. द्रावक एकच, तर फुकट्या शिरायला वऱ्हाडच नाही. ही ओळ वाचल्यावर कुठलाही तज्ज्ञ पहिल्या शिखराला खोटं म्हणणार नव्हता. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा म्हणाला नसता.

त्यांनी चित्र पुन्हा वर सरकवलं. उजवीकडे झुकलेलं उंच शिखर, त्याच्या अलीकडे बुटकं.

"मावशी? आर यू ओके?"

फोटो मला पाठव, एवढंच त्या म्हणाल्या. ही दोन शिखरं त्यांनी आधी पाहिली होती.

५

घरी येऊन कोट न काढताच त्यांनी स्वतःचा फोन उघडला. मंडळाच्या शुभेच्छा, तिळगुळाची चित्रं, कोणाच्या तरी नातवाचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम, सगळं मागे टाकत त्या नोव्हेंबरपर्यंत गेल्या. तिथे गुरुदत्तचा निरोप होता. 'मॅडम, जरा बघता का? ज्युनियरचं काम आहे.' खाली दोन शिखरं.

त्या दिवशी मंडळाच्या दिवाळी लंचला शाळेच्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती. हातात ताट, पुढे श्रीखंडाची रांग, मागून कोणीतरी ढकलत होतं. गुरुदत्त शेजारी येऊन म्हणाला, फोनवर पाठवलंय, एक सेकंद बघा ना. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, बघितलं, आणि हसत म्हणाल्या, "अरे, हा तर ब्रेकथ्रू. शितावरून भाताची परीक्षा होते. पोरीला म्हणावं, सॅम्पल कशात विरघळवते ते बघ." मग त्यांनी पुरी वाढून घेतली.

कोण पोरगी, हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

अर्ध्या तासानं त्या परत गुरुदत्तच्या केबिनमध्ये होत्या. या वेळी बसल्या नाहीत.

"तुझा नामवंत तज्ज्ञ मीच."

गुरुदत्तनं उठून केबिनचं दार लावलं.

"नैनानं तुला पूर्ण कागद पाठवला. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर खालच्या तीन रेषा नव्हत्या आणि सुमेधाची ओळही नव्हती."

"मॅडम, ग्राफ नीट दिसावा म्हणून झूम केलं असेल."

"झूम करताना माणूस रिकामी जागा कापतो. वरची रिकामी जागा जशीच्या तशी आहे. कापलंय ते फक्त खालचं, आणि तिथंच ती बरोबर असल्याचा पुरावा होता. तो पुरावा आहे हे नैनाला कळण्यातलं नाही. नीलपर्यंत फोटो आलाच नाही. ते कळणारा आणि पूर्ण फोटो हाती असलेला माणूस एकच." त्यांनी दोन्ही फोटो त्याच्यासमोर धरले. "मग इतक्या वर्षांनी तू कोट चढवून कडक मिश्रण केलंस, म्हणजे नीलला एकच शिखर दिसेल. नऊ वाजता तिचं लॉगिन बंद केलंस, आणि दुपारी तिनं फाइल पुसली म्हणून लिहिलंस. का रे? एक बॅच परत पाठवली असती तर काय बिघडलं असतं?"

गुरुदत्तनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"एक बॅच नाही, मॅडम. आधीच्या अकरा बॅच मी नुसत्या साइजवर पास केल्यात. दोन वर्षं. सही माझी. ही खराब, तर त्याही बघाव्या लागल्या असत्या. लोकांच्या पोटात आहेत त्या." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, तिला दुसरीकडे मिळेल नोकरी. हुशार होती."

"ती भांडली नाही?"

"आठवडाभर भांडली. ऐकेचना. मग मी तिला तुमचं नाव सांगितलं." गुरुदत्तनं मान वर केली नाही. "तुमच्याच पेपरवरून ती ही मेथड शिकली होती. तुमचं नाव ऐकल्यावर गप्प बसली. म्हणाली, मग माझंच काहीतरी चुकलं असेल, सर."

मृणालिनीबाई दाराकडे वळल्या. त्याचा राग करायचा तर आधी स्वतःचा करावा लागत होता, आणि तेवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी औषध खात्याला सगळं लिहून पाठवलं, दोन्ही फोटोंसकट, आपल्या नावासकट. नीलनंही सही केली, व्हिसा गेला तर गेला म्हणाला. शुक्रवारी बारावी बॅच थांबली आणि आधीच्या अकरांची चौकशी लागली. गुरुदत्तनं लॅब सोडली. मंडळात कुजबूज सुरू झाली, ती या माणसाबद्दल तशी थोडीच होती, प्लास्टिकवाल्या काकूंबद्दलच जास्त होती.

६

रविवारी सकाळी सातला मालिनीबाई बॅग भरून आल्या. मृणालिनीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. श्रीखंडाच्या रांगेपासून सांगितलं, काही वगळलं नाही. मालिनीबाई वर्गात बसल्यासारख्या ताठ बसून ऐकत होत्या.

"म्हणजे ती बरोबर होती."

"पूर्ण बरोबर होती. इतकं स्वच्छ काम मी स्वतःही नेहमी केलेलं नाही."

"आणि तुम्ही किती वेळ बघितलं होतं ते?"

"पाच सेकंद. फार तर."

मालिनीबाईंनी मान हलवली. क्षमा केली नाही, दोषही दिला नाही. पर्समधून फोन काढून त्यांनी घरचा नंबर लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा झाले होते. सुमेधाचे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गुडघ्यांमुळे त्यांना लेकीच्या अंत्यविधीलाही येता आलं नव्हतं.

"अहो, इथे एक बाई आहेत. त्या तुमच्याशी बोलतील. नीट ऐका," त्या म्हणाल्या, आणि फोन मृणालिनीबाईंच्या हातात दिला. "मी सांगितलं तर म्हणतील, आई आहे, आईसारखंच बोलणार. तुम्ही सांगा."

मृणालिनीबाईंनी फोन कानाला लावला.

"मी मृणालिनी साठ्ये. सुमेधाच्या विषयातलंच काम केलंय मी. तिनं काही खोटं केलं नाही, भाऊ. ती बरोबर होती. तिची चूक झाली असं सांगणारी मी होते, आणि मी नीट बघितलं नव्हतं. गावात कोणीही विचारलं तर माझं नाव सांगा. मी लिहूनही दिलंय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बंद केला.

"बरोबर होती," म्हातारा म्हणाला. "बरं झालं सांगितलंत." मग त्यानं विचारलं, "बाई, हे तिला कळलं होतं का? जायच्या आधी कोणी सांगितलं होतं का तिला?"

मालिनीबाई समोरून बघत होत्या. त्यांनाही हे उत्तर हवं होतं.

"नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "तिला कोणीच सांगितलं नाही."